डोळे दिपवणारा प्रकाश आणि अहिंसा

नकळत झालेली इजा हिंसा ठरते का, हा प्रश्न वर्धा-आर्वी रस्त्यावर आंजी (मोठी) येथे रात्री समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीतही पडतो. एच-४ हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनच्या दोन तारा असतात: साधारण ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते, म्हणून झोत वर न उसळता रस्त्यावर पडतो. अप्परवर हा अडसर नसतो. समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि काही क्षण त्याला रस्ता, सायकलस्वार, बैलगाडी काहीच दिसत नाही. बल्ब तिरका बसला किंवा गाडीत मागे जास्त ओझे भरले, तर डिपरही डोळ्यांवर येतो.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडलेली आहे. केवळ हेतू निर्मळ असून भागत नाही. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार याच वर्धा जिल्ह्यात आहेत. तिथे अहिंसा रोजच्या आचरणाचे व्रत मानली गेली. त्या कसोटीवर, समोर गाडी दिसूनही डिपर न देणे ही हिंसाच आहे.