चांद्याचा खांदा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. जू घासून राठ झालेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. यंदा दोन्ही बैलांचे खांदे मळून झाले आणि वाटी हातात घेऊन मी चांद्यापुढे थांबलो. त्याच्या खांद्यावर जू कधी आलं नाही. येणारही नाही.

चांद्या आमच्या लालकंधारी गाईचा गोऱ्हा. जन्मला तेव्हा पुढचे दोन्ही पाय आत दुमडलेले. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पीव्हीसी पाईप उभा चिरला, आत कापसाची जाड गादी दिली, पाय ताणून बांधले. रोज सोडायचं, कातडी सोलवटली का बघायचं, पुन्हा बांधायचं. उजवा सरळ झाला. डावा झाला नाही. आज तो तीन वर्षांचा आहे आणि डावा गुडघा टेकत चालतो. त्या गुडघ्यावर करवंटीएवढा घट्टा पडलाय. पावसाळ्यात तो फुटतो, माशी बसते, आणि दोन दिवस लक्ष गेलं नाही तर जखमेत अळ्या दिसतात. त्या पायाचं खूर जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. वाढलं की कापावं लागतं.

गोठ्यात येणारा कुणीतरी म्हणतोच, "गुरुजी, मागल्या जन्मीचं भोगतोय ते." माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कर्मावर माझी श्रद्धा आहे. पण तो हिशेब ज्याचा त्यानं आपल्यापुरता मांडायचा. दुसऱ्याच्या मोडक्या पायावर तो लिहायला बसणं मला अधर्म वाटतो.

"पुण्य लागेल तुम्हाला" हे वाक्य तर मला जास्तच टोचतं. म्हणजे त्याचा गुडघा ही माझी कमाई? पैठणच्या नाथांची गोष्ट घरोघरी सांगतात: रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजली. लहानपणी मला वाटायचं, देवानं नाथांची परीक्षा घेतली. आता वाटतं, गाढवाला तहान लागली होती, एवढंच खरं. त्याची तहान नाथांच्या परीक्षेसाठी नव्हती.

माझ्या मेव्हण्यानं एकदा गांधीजींचा दाखला दिला. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात तडफडणाऱ्या एका वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन सोडवलं आणि त्यावरून देशभर काहूर माजलं. "तूही सोडव की याला," मेव्हणा म्हणाला. ते वासरू वाचणार नव्हतं, त्याच्या वेदनेला उतार नव्हता. चांद्या मात्र कडब्याच्या पेंढीचा वास आला की तीन पायांवर धडपडत उठतो, माझी बाही चाटतो, उन्हात जाऊन बसतो. उद्या तो आडवा पडला, कूस बदलता येईना, खाणं सुटलं, तर तो निर्णय मलाही घ्यावा लागेल, आणि मी तो टाळणार नाही. पण सुटका त्याची हवी. माझ्या कष्टांची सुटका त्याच्या नावावर खपवायची नाही.

त्या संध्याकाळी वाटी घेऊन मी अडलो ते याच्याही पुढच्या प्रश्नाशी. पोळा हा ऋण फेडायचा सण, असं मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. बैल राबतो, म्हणून आपण त्याला पुजतो. मग जो एकही तास राबला नाही, त्याचं काय? 'राबतो म्हणून' असं म्हटलं की पूजा ही मजुरीच झाली, वर्षातून एकदा चुकती केलेली. म्हाताऱ्या बैलाला जुन्या कामाच्या आठवणीवर तरी चारा मिळेल. चांद्याजवळ तीही शिल्लक नाही. तो फक्त आहे. आणि देव सगळ्या जिवांत आहे असं आपण कीर्तनात मान हलवून ऐकतो, तेव्हा ते याच 'फक्त असण्या'बद्दल असतं, हे मला इतक्या वर्षांत त्या गोठ्यात पहिल्यांदा उमगलं.

मी त्याचा खांदा मळला. मऊ, केसाळ, कोवळा खांदा. उरलेलं लोणी घट्ट्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी बैल झुली घालून मारुतीच्या देवळाकडे तोरणाखाली गेले. चांद्याला एवढं चालवत नाही. आमची ही त्याच्यापाशी थांबली. कर्ण्यावरून मंगलाष्टकं ऐकू आली तशा तिनं ओंजळीतल्या अक्षता त्याच्यावर टाकल्या. मी परत आलो तेव्हा तो मान खाली घालून गोणपाटावरचा एकेक तांदूळ चाटून घेत होता.