यादीत नसलेले अकरावे कलम

17 मे 1995 रोजी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत ‘ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन’ या संघटनेने दहा कलमांचे मागणीपत्र जाहीर केले आणि त्याला नाव दिले ‘अमेरिकी कुटुंबाशी करार’. पॅट रॉबर्टसन या दूरचित्रवाणीवरच्या धर्मोपदेशकाने 1989 मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेचा कारभार तेव्हा राल्फ रीड हा तिशीतला तरुण पाहत होता. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृहात बहुमत मिळाले होते. ज्यांनी चर्चच्या दारात पत्रके वाटली, त्यांनी आता हक्काने काही मागावे यात नवल नव्हते. सार्वजनिक जागी प्रार्थनेला मोकळीक देणारी घटनादुरुस्ती, शिक्षणाचा कारभार वॉशिंग्टनकडून स्थानिकांकडे, शाळा निवडण्याची मुभा, पालकांच्या हक्कांचा कायदा, मुलामागे 500 डॉलरची करसवलत, गर्भपातावर मर्यादा, खासगी धर्मादायाला उत्तेजन, अश्लीलतेला आळा, कलांचे सरकारी अनुदान बंद आणि गुन्हेगाराकडून पीडिताला भरपाई, अशी ती यादी होती. या दहा आज्ञा नव्हेत, दहा सूचना आहेत, असे रीड यांनी हसतहसत बजावलेही होते.

हा विनोद वाटतो तितका निरुपद्रवी नाही. बायबलमध्ये सांगितलेल्या गोष्टी अगणित, आणि त्यांतल्या कोणत्या दहा गोष्टींमागे राज्यसत्तेचा दंडुका उभा करायचा हे संघटनेने ठरवायचे. ही निवड करणारा माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, धर्माचा अर्थ लावत असतो. म्हणून अशी यादी हाती आली की तिच्यात काय आहे याबरोबरच काय नाही, आणि जे आहे त्याची झळ कोणाला बसणार आहे, हेही पाहिले पाहिजे. माझा मुद्दा एवढाच आहे की, धर्माच्या नावाने कायदा मागणाऱ्याचा नैतिक अधिकार त्याने स्वतःवर किती ओझे घेतले यावरून जोखावा.

घटस्फोटाचेच पाहा. शुभवर्तमानांत येशूने गर्भपाताचा उल्लेख कुठेही केलेला नाही. घटस्फोटाबद्दल मात्र तो मार्क, मत्तय आणि लूक या तिघांकडेही बोलला आहे, आणि कठोरपणे बोलला आहे. कुटुंबाच्या नावाने काढलेल्या त्या दहा कलमांत घटस्फोटाचे एकही कलम नव्हते. दोषाशिवाय घटस्फोट देणारा अमेरिकेतला पहिला मोठा कायदा कॅलिफोर्नियात 1969 मध्ये झाला, त्यावर सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. ते स्वतः घटस्फोटित होते, आणि 1980 मध्ये याच धार्मिक मतदारांनी त्यांना डोक्यावर घेतले. पुढे 1997 मध्ये लुइझियानाने ‘करारबद्ध विवाहा’चा कायदा केला: विवाहाआधी समुपदेशन घ्यायचे आणि घटस्फोटाचा हक्क आपखुशीने आवळून घ्यायचा. अ‍ॅरिझोना आणि आर्कान्सा या राज्यांनी तो उचलला, तिथेच गाडी थांबली. प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले माइक जॉन्सन यांनी असा विवाह केला आहे, पण ते अपवाद. चर्च गच्च भरणाऱ्या या राज्यांत हा विवाह निवडणारी जोडपी मूठभरच निघाली. दुसऱ्याला बांधणारे कायदे मागायला हजारो लोक रस्त्यावर आले. स्वतःला बांधून घेण्याचा कायदा आयता हाती आला तेव्हा मात्र रांग लागली नाही.

यावर पहिला आक्षेप माझ्याच बाजूचे वाटणारे लोक घेतील: एवढा काथ्याकूट कशाला, धर्माने कायद्याच्या वाटेला जाऊच नये. हे मला पटत नाही. नास्तिकाने आपली मूल्ये घेऊन विधिमंडळात यावे आणि आस्तिकाने आपली दाराबाहेर ठेवावीत, हा न्याय एकतर्फी आहे. शिवाय इतिहासही तसा नाही. फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांनी 11 फेब्रुवारी 1790 रोजी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिल्या काँग्रेसपुढे अर्ज ठेवला, तेव्हा जॉर्जियाचे जेम्स जॅक्सन बायबलचाच आधार घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. पण हा अर्ज येण्याआधी काय घडले होते ते महत्त्वाचे. 1758 मध्ये क्वेकरांच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना सभेच्या कामकाजातून दूर केले आणि जॉन वुलमनसारख्या माणसांना गुलाम बाळगणाऱ्या सहधर्मीयांच्या घरोघरी समजूत घालायला पाठवले. हे अवघड काम होते. ज्याच्या घरी जेवायचे, त्यालाच तू पाप करतोस म्हणून सांगायचे. 1776 मध्ये, गुलाम सोडायला तयार नसलेल्यांना पंथाबाहेर काढायचे ठरले. कित्येकांनी आपली मिळकत सोडली, काहींनी तर मुक्त केलेल्यांना मागच्या श्रमांचे पैसे दिले. काँग्रेसने तो अर्ज जवळजवळ गुंडाळून ठेवला, पण क्वेकरांना ढोंगी म्हणणे कोणाला सोपे गेले नाही.

मग मार्टिन ल्यूथर किंग यांचे काय, असे विचारले जाईल. तेही पाळक, त्यांच्याही चळवळीतून 1964 चा नागरी हक्क कायदा आला आणि त्याने गोऱ्या हॉटेलमालकांना त्यांच्या मनाविरुद्ध बांधले. खरे आहे. पण माँटगोमेरीत बसवर बहिष्कार घालून 381 दिवस पायपीट कोणी केली, बर्मिंगहॅमच्या तुरुंगात कोण बसले? कायद्याची किंमत मागणाऱ्यांनी आगाऊ मोजली होती.

सगळ्यात वजनदार आक्षेप गर्भपाताचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. गर्भ हा माणूस आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्या दृष्टीने झळ कोणाला बसते हा प्रश्नच गैरलागू ठरतो. खुनाविरुद्धचा कायदा मागायला कोणी स्वतःच्या चारित्र्याचा दाखला जोडत नाही. तर्क बिनतोड आहे, आणि मागणाऱ्याच्या वागण्यावरून मागणीचे खरेखोटेपण ठरत नाही हेही मान्य. सदर्न बॅप्टिस्ट पंथीयांनी 1971 च्या ठरावात बलात्कार, गर्भातली गंभीर विकृती, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा मागितली होती आणि 1980 मध्ये भूमिका कडक केली. त्यावरूनही मी त्यांना दांभिक ठरवणार नाही, माणसे विचारान्ती बदलतात. अनेक चर्च गरोदर स्त्रियांसाठी मदत केंद्रे चालवतात, हेही नोंदवले पाहिजे. पण तर्क मान्य केला की तो शेवटपर्यंत न्यावा लागतो. जीव पवित्र आहे हा आधार असेल, तर यादी गर्भाशयाच्या दाराशी थांबू शकत नाही. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी 1983 मध्ये फोर्डम विद्यापीठातल्या व्याख्यानात हेच मांडले: गर्भपात, मृत्युदंड आणि अण्वस्त्रे यांचा विचार एकाच वस्त्राच्या धाग्यांसारखा करा. डाव्यांना त्यातला पहिला धागा नको होता, उजव्यांना उरलेले.

या कसोटीवर मिसिसिपी राज्य तपासून पाहावे, कारण गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द करणारा डॉब्स खटला तिथलाच. पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदीचा कायदा राज्याने 2018 मध्ये केला. अर्भकमृत्यूंच्या बाबतीत हे राज्य देशात वर्षानुवर्षे तळाशी आहे. तिथल्या गरीब बाळंतिणीला मेडिकेडचे सरकारी आरोग्यछत्र साठ दिवसच मिळे. ते वर्षभर द्यावे असे विधेयक राज्याच्या सिनेटने मंजूर केले, पण मार्च 2022 मध्ये प्रतिनिधिगृहात ते मतदानालाच आले नाही. दोन्ही सभागृहांत बहुमत एकाच पक्षाचे, आणि खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे निकालाच्या वाटेवर. 24 जून 2022 रोजी निकाल लागला. बाळंतिणींच्या वर्षभराच्या उपचारांच्या कायद्यावर गव्हर्नर टेट रीव्हज यांनी सही केली ती मार्च 2023 मध्ये, म्हणजे बंदीच्या कायद्यानंतर पाच वर्षांनी.