कागद कोणासाठी जपायचे?

११ ऑक्टोबर १२९७ रोजी अँड्र्यू मरे आणि विल्यम वॉलेस यांनी हॅडिंग्टनहून ल्यूबेक आणि हॅम्बुर्ग या जर्मन शहरांच्या कारभाऱ्यांना लॅटिनमध्ये एक पत्र धाडले. स्टर्लिंगच्या पुलावर इंग्रजी फौजेचा पराभव होऊन नेमका महिना झाला होता. आमचा मुलूख परत आमच्या हाती आला आहे, तुमच्या व्यापाऱ्यांनी पूर्वीसारखे निर्धास्त यावे, असा त्या पत्राचा आशय. वॉलेस हा स्कॉटलंडचा लोकनायक, पण त्याच्या नावाने निघालेले अस्सल कागद आज जवळजवळ उरलेलेच नाहीत. हे पत्र उरले ते ल्यूबेकच्या दप्तरात. ज्या देशासाठी तो लढला त्या देशाच्या खजिन्याने ते जपले नाही. ज्या व्यापाऱ्यांना त्या आश्वासनाचा उपयोग होता त्यांनी जपले.

स्कॉटलंडच्या मध्ययुगीन कागदपत्रांत हे वारंवार दिसते. स्कॉटिश राजाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी मूळ सनद दुसऱ्या डंकनची, १०९४ सालची. ती आहे इंग्लंडमधल्या डरहॅमला, कारण तिने दिलेली जमीन डरहॅमच्या मठवासीयांना मिळाली होती. कायद्यांचा सर्वांत जुना संग्रह तेराव्या शतकातला. तो स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ग्रंथालयात सापडला आणि १८१४ मध्ये मायदेशी परतला. कागद नुसत्या कुलपाने टिकत नाही. त्याची गरज असलेला माणूस असावा लागतो, तेव्हा तो टिकतो. मग कागदाची गरज कोणाला आहे आणि त्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सातशे वर्षांत कसे बदलत गेले, हे स्कॉटलंडच्या दप्तराकडे पाहिले की फार स्पष्ट दिसते.

पहिले उत्तर होते, राजाचा. सनदा, तह, जमाखर्चाच्या गुंडाळ्या एडिनबर्गच्या किल्ल्यात राजाच्या जडजवाहिराबरोबर ठेवल्या जात. कागद हाही ऐवजच होता, आणि ऐवज लुटला जातो. तिसरा अलेक्झांडर १२८६ मध्ये वारला, त्याची नात मार्गारेट १२९० मध्ये वारली आणि गादीला सरळ वारस उरला नाही. वारस ठरवण्यासाठी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला मध्ये घेण्यात आले. त्याने १२९१ मध्ये इंग्लंडमधल्या मठांना आपापल्या बखरी चाळायला लावले. स्कॉटलंडवर आपले अधिराज्य आहे याचा पुरावा त्याला हवा होता. त्याच वर्षी एडिनबर्गच्या किल्ल्यातल्या कागदांची यादीही तयार झाली. १२९६ मध्ये त्याने देश जिंकला तेव्हा राज्याभिषेकाच्या शिळेबरोबर कागदही लंडनला गेले. त्यांतले बहुतेक पुढे नाहीसे झाले. त्यांची यादी मात्र आजही वाचता येते. अमुक गुंडाळी, तमुक तहाची प्रत अशा नोंदी एकामागून एक येतात, आणि त्या नावांचा एकही कागद समोर नसतो. एका राज्याची स्मृती किती मोठी होती हे कळावे, पण ती स्मृती काय होती हे कळू नये, असा हा विलक्षण अवशेष आहे.

हीच गोष्ट साडेतीनशे वर्षांनी पुन्हा घडली. इंग्लंडची राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलच्या फौजेपुढे डिसेंबर १६५० मध्ये एडिनबर्गचा किल्ला पडला. कागद स्टर्लिंगला हलवले होते. ऑगस्ट १६५१ मध्ये तोही किल्ला पडला आणि दप्तर लंडनच्या टॉवरमध्ये जाऊन पोचले. त्यांतल्या काही न्यायालयीन नोंदवह्या १६५७ मध्ये परत आल्या, कारण त्यांच्यावाचून स्कॉटलंडमधले जमिनीचे व्यवहार आणि खटले अडत होते. म्हणजे जेत्यांनाही लोकांच्या गरजेपुढे नमावे लागले. राजाच्या खास कागदांना मात्र थांबावे लागले. राजसत्ता परतल्यावर डिसेंबर १६६० मध्ये ते ‘ईगल’ जहाजावरून १०७ पिंपांत भरून निघाले. वाटेत वादळ झाले. जहाज हलके करण्यासाठी ८५ पिंपे ‘एलिझाबेथ’ नावाच्या दुसऱ्या गलबतावर चढवली, आणि ते गलबत नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यालगत बुडाले. एका जागी जमवलेल्या राजाच्या स्मृतीचा मोठा भाग एकाच वादळात समुद्रात गेला.

विखुरलेले वाचले. आर्ब्रोथची घोषणा याचे ठळक उदाहरण आहे. स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मान्य करावे म्हणून तिथल्या उमरावांनी ६ एप्रिल १३२० ही तारीख घालून पोप बाविसावे जॉन यांना पत्र पाठवले. पोपकडे गेलेली प्रत हरवली. घरी ठेवलेली प्रत सतराव्या शतकाच्या आरंभी, एडिनबर्गच्या किल्ल्यात बांधकाम सुरू असताना, एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टिनिंगहॅमच्या आपल्या घरी नेली. म्हणून क्रॉमवेलच्या फौजेच्या हाती ती लागली नाही. पण त्या घरात तिला ओल लागली आणि ती ज्या चामड्यावर लिहिली होती त्याचा काही भाग कुजून गेला. ती अशी खराब होण्याआधीच्या मजकुराचे कोरीव चित्र १७३९ मध्ये जेम्स अँडरसनच्या ग्रंथात छापले गेले होते, त्यामुळे गेलेली अक्षरे भरून काढता येतात. मूळ प्रत १८२९ मध्ये सरकारी दप्तरात परतली. खाजगी घराने तिला वाचवले, त्याच घराने तिला इजाही केली, आणि छापलेल्या नकलेने ती इजा सुसह्य केली. एकाच जागेवर विसंबू नये, हा धडा त्या एका चामड्यावर उमटलेला आहे.

या इतिहासातला खरा वैचारिक पालट मात्र १६१७ सालचा आहे, आणि त्याला लढाईचा गाजावाजा नाही. तोवर जमिनीचा ताबा देताना त्याच शेतात उभे राहून साक्षीदारांसमोर माती आणि दगड हातात दिला जाई आणि नोटरी त्याचा लेख करी. तो लेख मालकाच्या पेटीत पडून राही. एकच जमीन दोघांना विकायची असेल तर ती पेटी उघडली नाही की झाले. १६१७ च्या कायद्याने असा प्रत्येक लेख साठ दिवसांच्या आत सार्वजनिक नोंदवहीत उतरवणे बंधनकारक केले. ही वही एडिनबर्गला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवली गेली. कागद लपवण्यात जी ताकद होती ती या एका नियमाने उलटी फिरली: आता दाखवलेला कागदच बलवान ठरू लागला. मूळ लेख जळो वा हरवो, हक्क वहीत राहिला. राजाच्या ऐवजाचे लोकांच्या दाखल्यात रूपांतर झाले ते इथे. १९८१ पासून नकाशावर आधारलेली नवी नोंदणी हळूहळू तिची जागा घेत गेली. तोवर साडेतीन शतके स्कॉटलंडच्या जमिनीची मालकी या वहीच्या आधारावर उभी होती.

त्या वह्यांना घर मात्र फार उशिरा मिळाले. पार्लमेंट सभागृहाच्या खालच्या दालनात त्या ओलीत आणि उंदरांत पडून होत्या. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्यासाठी झालेल्या १७४५ च्या बंडात जप्त झालेल्या इस्टेटींच्या उत्पन्नातून १७६५ मध्ये १२,००० पौंड मंजूर झाले. रॉबर्ट अ‍ॅडमच्या आराखड्यावर १७७४ मध्ये रजिस्टर हाउस या दप्तरखान्याची पायाभरणी झाली. आग पसरू नये म्हणून दगडी कमानींच्या खोल्या बांधल्या. १८०६ मध्ये थॉमस थॉमसन तिथे प्रमुख झाला. त्याने कागदांची डागडुजी आणि बांधणी सुरू केली, जुन्या संसदेचे कायदे छापायला घेतले. आता दप्तराकडे अभ्यासकही येऊ लागला. त्याला जमीन नको होती, त्याला भूतकाळ हवा होता.

याच पिढीतले स्कॉटिश अधिकारी आपल्याकडेही होते. १८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारभारात कंपनी सरकारच्या ताब्यात आले, आणि साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफने मराठी कागद वापरून १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. पुढे तेच पेशवे दप्तर इनामांची चौकशी करायलाही वापरले गेले. जिंकलेल्याचा कागद जेत्याच्या पुराव्यात कसा बदलतो, हे आपण घरच्या अनुभवाने जाणतो. आणि इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी आपला इतिहास उभा केला तो वाड्यांतून, कुळकर्ण्यांच्या आणि भटाभिक्षुकांच्या घरांतून गोळा केलेल्या कागदांवर, हेही जाणतो.

आज अभ्यासकाची नजर आणखी खाली उतरली आहे. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर कॅथलिक उपासनेचे लॅटिन ग्रंथ निरुपयोगी ठरले. पण त्यांचे चामडे मजबूत होते; ते कापून नोटरींच्या आणि नगरांच्या वह्यांना पुठ्ठे म्हणून लावले गेले. वहीतला व्यवहार जपायचा म्हणून ती जपली, आणि तिच्या पाठीशी एखाद्या स्तोत्राची स्वरलिपीही नकळत जपली गेली. त्या काळातले स्कॉटिश उपासनासंगीत इतके थोडे उरले आहे की अशा तुकड्यांवरची एकेक ओळ मोलाची ठरते. कोणाला काय मौल्यवान वाटेल हे ज्याच्या हाती कात्री होती त्याला ठरवता आले नाही, आणि आपल्यालाही येणार नाही.

पण तुकड्यांच्या या कौतुकात एक सत्य विसरता कामा नये. जे टिकले ते गरजेने टिकले, आणि गरज मांडण्याची ताकद सगळ्यांना नव्हती. मठ, उमराव, व्यापारी, जमीनमालक यांचे कागद राहिले. कूळ, मोलकरीण, भटका कामगार यांचे कागद मुळात झालेच नाहीत, झाले तर कोणी राखले नाहीत. दप्तरातली पोकळी केवळ आगीची आणि समुद्राची नाही.

म्हणूनच या प्रवासातला अलीकडचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९५० ते १९९५ या काळात स्कॉटलंडच्या वसतिशाळांत आणि बालगृहांत झालेल्या छळाचा आढावा घेणारा टॉम शॉ यांचा अहवाल २००७ मध्ये आला. तिथे वाढलेली माणसे मोठेपणी आपलेच बालपण शोधायला गेली, तेव्हा अनेकांना नोंदी मिळाल्या नव्हत्या किंवा अर्धवट मिळाल्या होत्या. त्या अहवालातून २०११ चा सार्वजनिक अभिलेख कायदा जन्मला. सरकारी संस्थांनी आपण कागद कसे सांभाळणार याचा आराखडा लिहून द्यावा आणि तो तपासून घ्यावा, असे त्याने बंधन घातले. एडवर्डला राज्यावरचा दावा सिद्ध करायला कागद हवे होते. १६१७ च्या शेतमालकाला जमिनीचा हक्क राखायला हवे होते. बालगृहातून बाहेर पडलेल्या माणसाला आपण कोण, आपल्याला इथे कोणी आणले आणि आपल्या बाबतीत काय झाले, एवढे जाणून घ्यायला ते हवे आहेत. यांतली शेवटची गरज सर्वांत दुबळ्याची आहे, आणि ती कायद्याने मान्य व्हायला सात शतके लागली. कोणत्याही देशाच्या दप्तराची कसोटी आता हीच धरली पाहिजे: ज्याच्यामागे राजा नाही, मठ नाही, जमीन नाही, अशा माणसाला तिथे स्वतःची नोंद सापडते का?