चेहरा नसलेला शत्रू

हातात मावणाऱ्या यंत्रावर बंदुकीचा खेळ खेळणे हे पाप आहे काय, असा प्रश्न आईवडील आम्हां धर्मगुरूंना अधूनमधून विचारतात. 'होय' म्हटले तर यंत्र कपाटात जाईल, 'नाही' म्हटले तर विषय मिटेल. आम्हांला मात्र ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

प्रथम खेळ समजून घेऊ. या प्रकारच्या खेळात खेळाडूला सहसा स्वतःचा चेहरा दिसत नाही. पडद्याच्या तळाशी दिसणारी बंदूक आणि ती धरणारे हात, एवढेच त्याचे 'मी'पण. १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या 'डूम'ने हा प्रकार जगभर नेला. २००१ साली तो 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या हातातल्या यंत्रावर आला, तेव्हा त्यातील रक्त लालऐवजी हिरवे करण्यात आले. रंग तेवढा बदलला. नेम धरणे आणि पाडणे तसेच राहिले. २०१३ साली 'प्लेस्टेशन व्हिटा' या यंत्रासाठी 'किलझोन: मर्सिनरी' निघाला. त्याचा नायक भाडोत्री सैनिक आहे. शत्रू पडला की त्याच्या नावावर पैसे जमा होतात आणि त्या पैशांतून तो नवी शस्त्रे विकत घेतो. कथेच्या ओघात तो दोन्ही बाजूंकडून लढतो.

आता कोणी म्हणेल की 'मारणे' हा शब्द खेळाला नवा नाही. खरे आहे. कबड्डीत गडी मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. बुद्धिबळात घोडा प्यादे मारतो. परंतु कबड्डीत ज्याला आपण धरतो त्याचा घाम आपल्या हाताला लागतो, त्याचा दम आपल्याला ऐकू येतो आणि खेळ संपल्यावर त्याच्याच खांद्यावर हात टाकून घरी जायचे असते. पडद्यावरच्या शत्रूला घर नाही, आई नाही, नाव नाही. तो पडतो आणि नाहीसा होतो.

पाचव्या आज्ञेचा भंग येथे होत नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगू. प्रकाशाच्या ठिपक्यांना प्राण नसतो, आणि चित्र पाडणे म्हणजे माणूस मारणे नव्हे. असे खेळणारी मुले पुढे हिंसक होतात, असेही सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२० साली सांगितले, की हिंसक खेळ आणि ओरडणे, ढकलणे असे आक्रमक वर्तन यांत अल्पसा संबंध दिसतो. पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी त्यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. मुलांना उगाच घाबरवणे हाही सत्याचा अपलापच होय.

परंतु प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात हत्येचे मूळ हातात न शोधता अंतःकरणात शोधले. भावावरचा राग आणि त्याला तुच्छ लेखणे यांनाही त्याने न्यायासनासमोर उभे केले. या खेळात राग क्वचितच असतो. भाडोत्री सैनिकाला राग कशाला हवा? त्याला समोरच्याची किंमत तेवढी ठाऊक असते. म्हणून आमची भीती मुले रागीट होतील ही नाही. रागावण्यासाठी तरी समोर कोणी आहे हे मानावे लागते. समोर कोणी आहे याचीच जाणीव बोथट होणे आम्हांला अधिक गंभीर वाटते.

विसाव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास हे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे युद्धकैदी होते. लिथुआनियातील त्यांचे आप्त नाझींनी मारले. त्यांच्या विचाराचा गाभा असा, की दुसऱ्याचा उघडा चेहराच आपल्याला हत्येपासून रोखतो. आम्हां ख्रिस्ती लोकांना हे परके नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे असे आपण मानतो. १९९६ साली अमेरिकेच्या नौसैनिक दलाने 'डूम'च्या दुसऱ्या भागात फेरफार करून तो आपल्या जवानांच्या सरावासाठी वापरला, ही गोष्ट येथे आठवते. खेळातून काही सवयी अंगी बाणतात, हे सैन्याला पटलेले होते.

मग खेळूच नये काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाची बाजू घेताना संत योहानाची एक जुनी गोष्ट सांगितली आहे. योहान शिष्यांसह खेळत असल्याचे पाहून काहींना ते खटकले. त्यांतील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडण्यास सांगितले, आणि अनेक बाण सोडून झाल्यावर, हे अखंड करता येईल का, असे विचारले. तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच असते. मात्र थॉमस यांनी अटीही घातल्या: आनंद अश्लील वा दुखावणाऱ्या गोष्टींत शोधू नये, मनाचा तोल जाऊ नये, आणि खेळ व्यक्तीला, वेळेला व स्थळाला शोभावा.

या अटींवरून एक साधी कसोटी काढता येते. दिवाणखान्यातला दूरदर्शन संच घरातले सगळे पाहतात. हातातला पडदा एकाच जोडी डोळ्यांसाठी असतो. आईने हाक मारली, धाकटी बहीण रडत आली, आजोबांनी पाणी मागितले, तर मान वर होते काय? 'व्हिटा'सारख्या यंत्रावर एकट्याने खेळताना एक बटण दाबले की चाललेली लढाई जागच्या जागी थांबते. तेव्हा 'आता थांबता येत नाही' ही सबब यंत्राची नसून मनाची असते.

आईवडिलांनी यंत्र हिसकावण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसावे, त्याच्याकडून खेळ शिकून घ्यावा आणि मग सहज विचारावे, 'हा पडला तो कोण होता?' मूल हसेल, कदाचित वैतागेलही. पण प्रश्न त्याच्या मनात राहील, आणि निदान तेवढा वेळ त्याच्या शेजारी एक खरा चेहरा असेल.