चर्या बांधायचा परवाना

स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने भिंत बांधायची, पण त्या भिंतीच्या माथ्यावर चर्या काढायच्या असतील तर राजाकडून सनद आणायची, असा मध्ययुगीन इंग्लंडचा रिवाज होता. चर्या म्हणजे तटाच्या वरचे ते दातेरी कंगोरे. चर्या आल्या की घराचा किल्ला झाला. २० ऑक्टोबर १३८५ रोजी दुसऱ्या रिचर्ड राजाने अशी सनद ससेक्स परगण्यातल्या बोडियमच्या सर एडवर्ड डॅलिंगरिज याला दिली. बोडियम समुद्रापासून जवळ आहे, शत्रू आला तर मुलखाचं रक्षण व्हावं, म्हणून आपलं राहतं घर त्याने मजबूत करावं, असा सनदेचा मतलब. भीती अगदीच खोटी नव्हती. १३७७ मध्ये राय आणि १३८० मध्ये विंचेल्सी ही जवळची बंदरं फ्रेंच शत्रूने जाळली होती.

एडवर्डने मात्र राहत्या घराला हात लावला नाही. थोड्या अंतरावर, रॉदर नदीच्या काठच्या उतारावर, त्याने कोरा करकरीत किल्ला उभा केला.

हा माणूस धाकटा मुलगा. इंग्लंडात वडिलार्जित जमीन थोरल्याकडे जायची, धाकट्याने आपलं नशीब आपण काढायचं. एडवर्ड फ्रान्सच्या लढायांत गेला, रॉबर्ट नोल्सच्या भाडोत्री टोळीत राहिला. लूट आणि कैद्यांची खंडणी हा त्या टोळ्यांचा धंदाच होता. बोडियमची जहागीर त्याला बायकोकडून मिळाली. पुढे तो ससेक्सच्या वतीने पार्लमेंटात बसू लागला. म्हणजे पैसा फ्रान्समधून आणायचा आणि त्याच फ्रान्सच्या भीतीवर किल्ल्याची सनद मिळवायची, असा हा सगळा मामला. मला तो चोख व्यवहारी वाटतो.

किल्ला लहान आणि चौकोनी आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, प्रत्येक भिंतीच्या मध्यावर चौकोनी बुरूज किंवा दरवाजा, मधे चौक. बालेकिल्ला असा नाहीच. भोवती खंदक, पण तो इतका रुंद की किल्ला तळ्यात तरंगतोय असं वाटावं. उत्तरेच्या महाद्वाराला किल्लीच्या भोकासारख्या जंग्या आहेत, त्या छोट्या तोफांसाठी. देवडीच्या छतात वरून मारा करायला भोकं आहेत, आणि वरून खाली सोडायचा मूळचा लाकडी जाळीचा दरवाजा अजून जागेवर लटकलेला आहे. हे सगळं बघून कुणीही म्हणेल, शिपायाने शिपायासाठी बांधलेली वास्तू.

मग जरा मागे सरकून पाहावं. खंदकाची खोली सरासरी पाच फूट. पाणी मातीच्या बांधाने अडवलेलं, म्हणजे शत्रूने फावडी घेऊन एक रात्र घातली तर वाहून जाण्यासारखं. तटाला मोठाल्या खिडक्या, प्रार्थनागृहाची तर फारच मोठी. उत्तरेच्या चढावर उभं राहिलं की किल्ला तबकात ठेवल्यासारखा दिसतो. आत तिसाहून जास्त शेकोट्या आणि अठ्ठावीस शौचकूप, तेही थेट खंदकात उतरणारे. पाण्यातल्या त्या प्रतिबिंबाची छायाचित्रं आज कॅलेंडरवर झळकतात. एडवर्डच्या काळी त्या पाण्याला वास काय येत असेल, हे कॅलेंडरात कळत नाही.

जुने इतिहासकार बोडियमला सच्चा लष्करी किल्ला मानत. १९९०च्या आसपास चार्ल्स कूलसन आणि इतरांनी उलट बाजू मांडली: चर्यांची सनद ही मुख्यतः प्रतिष्ठेची वस्तू होती आणि बोडियम हा किल्ल्याचा वेश घातलेला वाडा. त्याच सुमारास परिसराच्या पाहणीत आजूबाजूला तळी आणि आखीव देखावा असल्याच्या खुणा मिळाल्या. मूळ पूलही सरळ दाराशी येत नव्हता. पश्चिम काठावरून निघून तो पाण्यातल्या अष्टकोनी बेटावर यायचा आणि तिथे काटकोनात वळायचा. याला संरक्षण म्हणा, किंवा पाहुण्याला यजमानाची ऐपत नीट दाखवत आणायची युक्ती म्हणा.

मला या वादात एक बाजू निवडायची गरजच वाटत नाही. सह्याद्रीतल्या गडांच्या गोमुखी दरवाजांची वळणं आपण संरक्षणाची म्हणून वाखाणतो आणि त्याच दरवाजावरची कमळं नि शरभ शोभेचे म्हणून पाहतो. ते बांधणाऱ्याच्या डोक्यात हे दोन कप्पे होते का? जो बळकट दिसतो त्याच्या वाटेला कुणी सहसा जात नाही, एवढा हिशेब एडवर्डसारख्या लढाई जगलेल्या माणसाला नक्की येत असणार.

बोडियमचं भलंबुरं झालं ते लढाईपेक्षा खरेदीखतांनी. १४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्डने तिथल्या ल्यूकनर घराण्याविरुद्ध वेढ्याचा हुकूम काढला, पण मोठी झुंज झाल्याची खूण नाही. सोळाव्या शतकात वारसांत वाटण्या झाल्या. यादवी युद्धात राजाची बाजू घेणाऱ्या अर्ल ऑफ थॅनेटला दंड भरण्यासाठी १६४४ मध्ये किल्ला विकावा लागला. नंतर पूल आणि आतल्या इमारती पाडून तो निकामी केला गेला. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, ती अक्कल त्यांच्या घरचीच होती.

आता त्या वास्तूत राहण्याजोगं काही उरलं नाही, आणि इथून पुढचे मालक मला जास्त रोचक वाटतात. १८२९ मध्ये ‘मॅड जॅक’ फुलरने तीन हजार पौंडांना बोडियम घेतला आणि पाडापाडीतून वाचवला, असं कौतुकाने सांगतात. या फुलरची श्रीमंती जमैकातल्या गुलामांच्या मळ्यांवरही पोसलेली होती, आणि पार्लमेंटात त्याने गुलामगिरीची वकिली केली होती. आयव्हीच्या वेलींनी मढलेलं ते पडकं रूप तोवर चित्रकारांच्या आवडीचं झालं होतं. फुलरने वाचवलं ते हे चित्र.

त्यानंतर क्यूबिट घराणं, आणि १९१७ मध्ये लॉर्ड कर्झन. हो, तोच: वंगभंगाचा, ‘केसरी’ने सोलून काढलेला व्हाइसरॉय. पण १९०४चा प्राचीन वास्तू संरक्षण कायदाही त्याचाच, आणि पुरातत्त्व खात्यात जॉन मार्शलला आणलं तेही त्यानेच. परत गेल्यावर १९११ मध्ये त्याने टॅटरशल किल्ला विकत घेऊन वाचवला, मग बोडियम. १९१९ पासून विल्यम वेअर या वास्तुविशारदाच्या मदतीने त्याने खंदक रिकामा केला, तीन फूट गाळ काढला, झाडोरा साफ केला, ढासळते दगड पक्के केले. गाळाखाली जुन्या पुलांचे पाये सापडले.

छप्पर मात्र त्याने घातलं नाही. भोजनशाळेच्या टोकाच्या भिंतीत स्वयंपाकघर आणि कोठीकडे जाणाऱ्या तीन कमानी ओळीने उभ्या आहेत. अलीकडे गवत, पलीकडे गवत. त्या तशाच राहू दिल्या. पडलेलं पुन्हा बांधायचं नाही, उभं असलेलं पडू द्यायचं नाही, हेच तत्त्व मार्शलने १९२३च्या आपल्या संवर्धन-पुस्तिकेत भारतासाठी लिहून ठेवलं, आणि रायगडावरच्या चौथऱ्यांवर पुन्हा महाल बांधावेत का, या आपल्या वादात आजही आपण त्याच्याशीच भांडत असतो. हे तत्त्व तटस्थ आहे असं मला वाटत नाही. त्यात काळ एका ठिकाणी थांबवलेला असतो, आणि कुठे थांबवायचा ते त्या वेळचा मालक ठरवतो. एडवर्डचा बोडियम धुराचा, माणसांचा आणि दुर्गंधीचा होता. फुलरच्या काळी तो वेलींचा होता. कर्झनने वेली काढल्या, पण पडझड ठेवली. १९२५ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्राने किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेला आणि कर्झनने ठरवलेलं रूपच कायम झालं.

आज तिकीट काढून येणारा माणूस उत्तरेच्या काठावरून सरळ पुलाने दाराशी जातो. पश्चिमेकडून वळसा घालून आणणारी एडवर्डची वाट आता नाही. देवडीत मान वर केली की ती लाकडी जाळी दिसते, सहा शतकं जागच्या जागी. चौकात पाऊल टाकलं की वर उघडं आभाळ.