घर केवढे असावे?



रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आपली मंडळी घटकाभर बोलत बसतात. हल्ली त्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. कुणी पाथर्डी फाट्याला फ्लॅट पाहून आलेला असतो, कुणी अंबड-सातपूरच्या बाजूला रो-हाऊसची चौकशी केलेली असते. मग प्रश्न येतो, "दोन खोल्यांचे घ्यावे की हिंमत करून मोठेच घ्यावे?" नुकतीच दीक्षा घेतलेली कुटुंबे तर बिचकत विचारतात, "गुरुजी, मोठे घर हवे असे वाटणे म्हणजे तृष्णा का?"

हा प्रश्न धम्माच्या बाहेरचा आहे असे कुणी समजू नये. संसारी माणसाला तथागतांनी अरण्यात जायला सांगितलेले नाही. कोलियांच्या नगरात दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला आणि मोकळेपणाने म्हणाला की आम्ही बायकामुलांत राहणारी, चांगले लेणारी-नेसणारी, सोन्यारुप्याची हौस असणारी माणसे; आम्हाला आमच्यापुरता धम्म सांगावा. भगवंतांनी त्याला फटकारले नाही. त्यांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने आणि कौशल्याने कमवावे. कमावलेले सांभाळावे. भल्या माणसांची संगत धरावी. आणि चौथी गोष्ट समजीविता, म्हणजे आवक आणि जावक पाहून समतोल जगणे. तराजू धरणारा जसे दांडी किती झुकली, किती उचलली हे पाहतो, तसे गृहस्थाने आपल्या मिळकतीकडे पाहावे. उधळपट्टी नको आणि कवडीचुंबकपणाही नको. घराचा प्रश्न या चौथ्या गोष्टीत येतो.

पण तराजू हातात घेण्यापूर्वी आपण कोण आहोत हे विसरून चालणार नाही. आपल्या आजा-पणजाने घर कुठे बांधावे हे गावाने ठरवले. गावकुसाबाहेर, वारा ज्या दिशेने गावावर येत नाही त्या बाजूला. अनेक गावांत आपल्या माणसाने पक्की भिंत उभारली, कौले घातली, तर तोच त्याचा अपराध ठरे. आजही शहरात खोली भाड्याने मागायला गेले की आधी आडनाव विचारतात आणि मग खोली 'कालच गेली' असे सांगतात. अशा समाजातला माणूस जेव्हा म्हणतो की माझे स्वतःचे, ऐसपैस, उजेडाचे घर असावे, तेव्हा त्या इच्छेला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालला, त्याच नाशकात दारावर आपल्या नावाची पाटी लावणे ही साधी गोष्ट नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यामागेही हेच होते. पायाखाली आपली जमीन असल्याशिवाय माणूस ताठ उभा राहत नाही.

म्हणून मोठ्या घराची इच्छा वाईट, असे मी म्हणणार नाही. पण त्या एका इच्छेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक स्वाभिमान आणि दुसरा मान, ज्याला धम्मात बंधन म्हटले आहे. स्वाभिमान म्हणतो, मी कुणापेक्षा कमी नाही. मान म्हणतो, मी शेजाऱ्यापेक्षा जास्त आहे. स्वाभिमानाला एक दार, एक खिडकी आणि मुलांना अभ्यासाला जागा पुरते. मानाला मात्र कितीही खोल्या पुरत नाहीत, कारण शेजारी नेहमी एक मजला वर चढवीतच असतो.

यावर परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी वीसहून अधिक वर्षे काढली. परदेशातल्या पदव्या घेऊन आलेला, उच्च न्यायालयात वकिली करणारा, गोलमेज परिषदेला जाणारा हा माणूस चाळीत राहत होता. नंतर, १९३० नंतरच्या वर्षांत, दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे, तथागतांच्या पावलांनी पुनीत झालेल्या नगरीचे नाव त्यांनी घराला दिले. ते घर मोठे होते. मग बाबासाहेबांनी गरजेपेक्षा मोठे घर बांधले काय? नाही. ते घर त्यांच्या ग्रंथांच्या मापाने बांधलेले होते. पन्नास हजारांवर गेलेला तो ग्रंथसंग्रह चाळीच्या दोन खोल्यांत मावणार नव्हता. त्याच सुमारास त्यांनी 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती. १९४१ साली कर्ज फेडायला आणि ग्रंथांसाठी पैसा उभा करायला त्यांनी ती विकून टाकली, राजगृह तेवढे राखले. म्हणजे जागा ज्या कामासाठी लागते ते काम मोठे असेल तर जागा मोठी असावी, आणि ज्या इमारतीवाचून काम अडत नाही ती सोडून देता यावी. घराची गरज माणसे मोजून ठरत नाही, तशी ती हौसेनेही ठरत नाही. त्या घरात कोणते काम होणार आहे, यावरून ती ठरते.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना त्रिरश्मी डोंगरावरची लेणी आपण रोज पाहतो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ती आपल्या भिक्खुसंघाची घरे आहेत. मुलांना घेऊन एकदा तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते संघाला दिले. मधोमध सुमारे ४१ फूट रुंद आणि ४६ फूट खोल असा प्रशस्त मंडप आहे आणि त्याच्या सभोवार अठरा छोट्या कोठड्या आहेत. राजमातेचे दान होते. कोठड्या मोठ्या करायला पैसा कमी नव्हता. पण एकेका भिक्खूपुरती जागा लहान ठेवली आणि सर्वांनी एकत्र बसायची जागा मोठी ठेवली. घर बांधणाऱ्याने डोंगराकडून हा नकाशा शिकावा. स्वतःपुरते लहान, सर्वांसाठी मोठे. तिथल्या चैत्यगृहाच्या दाराशी कोरले आहे की ते धंभिक नावाच्या गावाचे दान आहे. एका गावाने मिळून दिलेले ते दान दोन हजार वर्षांनी अजून उभे आहे.

तिथेच दहाव्या लेण्यात हिशेबाचा एक शिलालेख आहे. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो मला फार आवडतो. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे कायम ठेव म्हणून ठेवले. गंगापूरजवळचे गोवर्धन गाव आजही आपल्याला ठाऊक आहे. त्यातले २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने होते, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असा तो चोख हिशेब. उरलेले १,००० पाऊण टक्क्याने, त्यांचे वर्षाला ९०. मुद्दल कधीही मोडायचे नाही, खर्च फक्त व्याजातून. व्याज त्या काळीही होते. फरक इतकाच की तिथे व्याज वीस माणसांच्या अंगावर वस्त्र घालत होते. आपल्या घराच्या हप्त्यातले व्याज कुणाच्या अंगावर काय घालते, हे आपण विचारले पाहिजे.

मागच्या महिन्यात एक जोडपे माझ्याकडे आले. दादा कारखान्यात कामाला, ताई दवाखान्यात. दोघांची मिळून मिळकत ५२,००० रुपये. घरात म्हातारी आई, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा.

"सर, दोन बेडरूमचा घेतला तर २० लाखांचे कर्ज होते, तीनचा घेतला तर ३५," दादा म्हणाले. "बँक द्यायला तयार आहे."

"बँक तयार असणारच, दादा. तिसरी खोली कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी," ताई म्हणाल्या. "माझ्या भावजयीकडे आहे तशी."

"पाहुणे वर्षातून किती दिवस येतात, ताई?"

त्यांनी बोटांवर मोजले. "दिवाळीचे चार, जयंतीचे दोन, आणखी एखादा आठवडा धरा."

आम्ही कागद घेतला. व्याजाचा दर साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षे धरली. २० लाखांचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो, ३५ लाखांचा सुमारे ३०,३७०. फरक महिन्याला १३,००० रुपयांचा. वीस वर्षांत या जादा १५ लाखांपोटी जवळजवळ सव्वाएकतीस लाख रुपये भरावे लागतात. आता सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी काय सांगितले ते आठवा. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी, आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी बाजूला ठेवावा. ५२,००० चा चौथा भाग किती? १३,०००. म्हणजे वर्षातून तेरा दिवस वापरायची ती खोली या घराचा अडीअडचणीचा सबंध चौथा भाग वीस वर्षे गिळणार होती. आई आजारी पडली तर? कारखाना बंद पडला तर? मुलगी बारावीनंतर पुढे शिकू म्हणाली तर? ताई बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पाहुणे हॉलमध्ये झोपतील. पोरीच्या शिक्षणाला हात लावायचा नाही."

उपासक-उपासिकांनो, अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. स्वकष्टाचे धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष जगण्याचे सुख. हे ज्याला सांगितले तो काही गरीब नव्हता; जेतवनाच्या भूमीवर सुवर्णनाणी अंथरून ती विकत घेणारा श्रेष्ठी होता. त्यालाही ऋण नसणे हे सुख म्हणून सांगावे लागले. दुसऱ्या एका सुत्तात कर्जाची उतरंड दाखवली आहे. दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याज थकले की तगादा, तगाद्यानंतर पाठलाग, आणि शेवटी बंधन. आपल्या वाडवडिलांना सावकाराच्या वहीने ही उतरंड चांगलीच शिकवली होती. बँकेचे गृहकर्ज सावकारीसारखे नाही, हे खरे. त्याशिवाय नोकरदाराचे घर होतही नाही. पण जे ऋण पेलते आणि जे ऋण दाबते, त्यातला फरक आपणच ओळखायचा असतो. तो बँकेचा माणूस सांगत नाही, जाहिरातीतला तर नाहीच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यात काही जण असेही आहेत की ऐपत असून एका खोलीत संसार रेटतात, पैसा साठवतात, आणि वयात आलेली मुलगी स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजात अभ्यास करते. तिला आडोसा नाही, टेबल नाही, दिवा नाही. हे साधेपण नव्हे. भगवंतांनी ज्या कंजूषपणाला दोष दिला तोच हा. मध्यम मार्ग म्हणजे लहान घर नव्हे. मध्यम मार्ग म्हणजे योग्य घर. जिथे खेड्यावरून शिकायला आलेला पुतण्या दोन वर्षे राहणार आहे, जिथे संध्याकाळी वस्तीतली दहा मुले अभ्यासाला बसणार आहेत, तिथे एक खोली जास्त घेणे ही चैन नाही, ते दान आहे. मात्र ते काम आधी सुरू झालेले असावे. आज एका खोलीत दोन मुलांना शिकवीत नाही तो उद्या तीन खोल्यांत दहांना शिकवील, यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून व्यवहार करण्यापूर्वी नवरा-बायकोने, आणि मुले जाणती असतील तर त्यांनाही घेऊन, एकत्र बसावे आणि चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक खोलीत रोज कोणते काम होणार? एकाची नोकरी सहा महिने गेली तर हप्ता कोण भरणार? हप्ता भरून मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषध आणि समाजाचे दान यांना काही उरते का? आणि हे घर कुणालाच दाखवायचे नसते, तरी आपण एवढेच घेतले असते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने नाही दिले तरी चालेल, पण मनाशी खोटे देऊ नये. खोटे न बोलण्याचे शील आपण स्वतःशीही घेतलेले आहे. व्यवहारात बिल्डर सांगतो त्या क्षेत्रफळावर जाऊ नका. २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्र सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे, तेच विचारा आणि प्रकल्पाची महारेराची नोंदणी पाहा.

आणखी एक. घर घेतले की कुणीतरी वास्तुशास्त्र घेऊन येतोच. ईशान्येला हे, आग्नेयेला ते, आणि मग त्यासाठी आणखी खर्च, नाहीतर दुसरे महाग घर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म करून घेणार नाही ही प्रतिज्ञा आहे. घराची दिशा ऊन-वाऱ्याने पाहावी, राशीने नव्हे. भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना बोलवावे, त्रिशरण-पंचशील घ्यावे, परित्राणपाठ करावा, शेजाऱ्यांना खीर द्यावी. एवढ्याने गृहप्रवेश मंगल होतो.

आपण ज्या घराण्यांतून आलो तिथे घर कुठे आणि केवढे असावे हे दुसऱ्याने ठरवले. आज ते ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती आला आहे. हा अधिकार गावाकडून सोडवून घेतला तो शेजाऱ्याच्या किंवा बिल्डरच्या हाती देण्यासाठी नव्हे. जे घर तुमच्या कामाला पुरते आणि तुमच्या झोपेला जड होत नाही, ते घर घ्या. त्यात पुस्तकांचे एक कपाट ठेवा, सर्वांनी मिळून बसायची एक जागा ठेवा, आणि दार उघडे ठेवा.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!