न बोलणाऱ्या लेकराचे मागणे

शास्त्रवाचन : मत्तय ७:७-११, मार्क ७:३१-३७



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आईबापांना एक साधा प्रश्न विचारला आहे. भाकर मागणाऱ्या मुलाच्या हाती धोंडा ठेवणारा बाप असतो काय, असा तो प्रश्न. त्याचे उत्तर आपण चटकन देतो आणि पुढे जातो. परंतु त्या वचनातील एका गोष्टीवर आपण फारसे थांबत नाही. तेथले मूल मागते. त्याला शब्द आहेत. ज्या लेकराला शब्दच नाहीत, त्याने भाकर कशी मागावी? आणि त्याचे मागणे ऐकू न आल्यामुळे आपण त्याच्या हाती धोंडा ठेवला, तर तो दोष कोणाचा?

काही वर्षांपूर्वीच्या नाताळात हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो बोलत नसे, हाक मारल्यास वळून पाहत नसे. तो स्वमग्न आहे, असे डॉक्टरांनी त्याच वर्षी सांगितले होते. मी मामा. दुकानातील सर्वांत मोठी आगगाडी मी त्याच्यासाठी विकत घेतली. बॅटरीवर चालणारी, शिटी वाजवणारी, दिव्यांची उघडझाप करणारी. घर पाहुण्यांनी भरलेले असताना मी ती मोठ्या हौसेने सुरू केली. मुलाने दोन्ही हातांनी कान झाकले, किंकाळी फोडली आणि तो पलंगाखाली शिरला. हळूहळू सवय होईल, असे म्हणून मी गाडी पुन्हा सुरू केली. तेव्हा बहीण हलक्या आवाजात म्हणाली, "दादा, ती गाडी तुला आवडली म्हणून तू आणलीस. त्याला काय आवडतं, हे मला एकदाही विचारलं नाहीस."

आमची वृद्ध आई तीन दिवस काही न बोलता नातवाकडे पाहत होती. चौथ्या दिवशी तिने बाजारातून एकात एक बसणारे स्टीलचे सात डबे आणले आणि ते कागदात न गुंडाळता त्याच्याजवळ जमिनीवर ठेवून दिले. मुलाने एकेक झाकण काढले, फरशीवर गरगर फिरवले आणि ते थांबेपर्यंत तो त्याकडे टक लावून पाहत राहिला. मग त्याने डबे लहानमोठे लावले, एकात एक घातले, पुन्हा काढले. तो तासभर हसत होता. स्वयंपाकघरातील झाकणे तो रोज फिरवतो, हे आईने पाहिले होते. तेच त्याचे मागणे होते. तिने ते ऐकले. मी ऐकले नाही. माझा धोंडा किमती होता, रंगीत होता, दिव्यांनी झगमगत होता. तरी तो धोंडाच होता.

स्वमग्नता म्हणजे काय, हे आपल्या मंडळ्यांत अद्याप पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकशास्त्रात ओळखली जाऊ लागली. हा संसर्ग नव्हे, लाडाने आलेला हट्ट नव्हे. मेंदूची जडणघडणच जन्मापासून निराळी असते. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरड्या वागणुकीमुळे मूल असे होते, असे काही तज्ज्ञही म्हणत असत. तो समज चुकीचा ठरला आहे. परंतु त्याने किती मातांची मने घायाळ केली असतील! जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी, पाप याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले होते. प्रभूने दोन्ही आरोप दूर सारले, हे योहानाच्या नवव्या अध्यायात आपण वाचतो. आपल्या देशाच्या कायद्यानेही ह्या मुलांची दखल घेतली आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम ह्या दोहोंत स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याने ज्यांना नावाने ओळखले, त्यांना ख्रिस्ताच्या मंडळीने अनोळखी ठेवू नये.

आता नाताळ असो वा वाढदिवस, अशा लेकराला भेट देण्याची वेळ आली, तर आपण काय करावे? पवित्र शास्त्र आपल्याला तीन गोष्टी शिकवते.

प्रथम, आपले माप बाजूला ठेवावे. दावीद गल्याथाशी लढण्यास निघाला, तेव्हा शौल राजाने त्याला आपली वस्त्रे, आपले पितळी शिरस्त्राण आणि आपले चिलखत चढवले (१ शमुवेल १७). राजाचा हेतू चांगला होता, देणगी मोलाची होती. पण दाविदाला त्यात चालता येईना. ती शौलाच्या मापाची होती. खेळण्याच्या खोक्यावर छापलेले वय हेही असेच परके माप आहे. सहा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांच्या मुलाचे खेळणे प्रिय असेल, तर त्यात लाज कसली? त्याला चाके फिरवणे आवडते का, वाळूत आणि पाण्यात हात घालणे आवडते का, झोपाळा आवडतो का, अंक आणि अक्षरे आवडतात का, हे पाहावे. सावंतवाडीची किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी, भोवरे, एकावर एक रचायच्या चकत्या, ठोकळे, मळलेल्या कणकेचा गोळा, साबणाचे फुगे, आगगाड्यांच्या चित्रांचे पुस्तक यांपैकी एखादी साधी वस्तू पुष्कळदा महागड्या यंत्राहून अधिक आनंद देते. मूल वस्तू तोंडात घालत असेल, तर सुटे बारीक भाग, लोहचुंबकाचे तुकडे आणि बटणासारख्या बॅटऱ्या कटाक्षाने टाळाव्यात. कपडे द्यायचे झाल्यास मऊ, धुतलेले, मानेला टोचणारी पट्टी काढून टाकलेले द्यावेत. खाऊ द्यायचा असल्यास आधी आईला विचारावे; कित्येक मुले मोजकेच पदार्थ खातात. एकाच प्रकारची वस्तू त्याला पुन्हा हवी असेल, तर तीच पुन्हा द्यावी. नवेपणाची हौस आपली असते. ओळखीच्या वस्तूचा आधार त्याचा असतो.

दुसरे, त्याला गर्दीपासून एका बाजूला घ्यावे. दकापलीस प्रांतात लोकांनी एका बहिऱ्या व तोतऱ्या मनुष्याला प्रभूकडे आणले. प्रभूने प्रथम काय केले? त्याला समुदायातून एकीकडे नेले. ज्याला ऐकू येत नव्हते, त्याच्याशी तो खुणेने बोलला. ज्याला जी भाषा कळेल, ती भाषा देवाच्या पुत्राने वापरली. आपण मात्र नाताळच्या झाडाखाली शंभर माणसांसमोर, टाळ्यांच्या गजरात, दाढी लावलेल्या नाताळबाबाच्या हातून त्या लेकराला भेट घ्यायला लावतो आणि ते रडले की अवघडून जातो. अकस्मात आवाज, झगझगीत प्रकाश, अनोळखी स्पर्श यांचा काही स्वमग्न मुलांना अक्षरशः त्रास होतो. स्वतः फिरवलेल्या झाकणाचा आवाज माझ्या भाच्याला सुखाचा वाटे, कारण तो केव्हा येणार हे त्याला ठाऊक असे; माझ्या आगगाडीची शिटी मात्र त्याच्यावर येऊन आदळली. म्हणून भेट शांत वेळी, ओळखीच्या जागी द्यावी. काय मिळणार आहे, याचे चित्र आईने त्याला आधी दाखवले तर उत्तम. वेष्टनाच्या आत काय आहे ह्या कुतूहलाची आपल्याला गंमत वाटते. त्याला कदाचित धास्ती वाटेल. मग वेष्टन नसले तर काय बिघडले?

तिसरे, मोबदला मागू नये. मूल आभार मानणार नाही. कदाचित ते आपल्याकडे पाहणारही नाही, वस्तू दूर सारून खोक्याशी खेळत बसेल. त्याला बळेच पापा द्यायला लावू नये. असे नाही, असे खेळ, म्हणून त्याच्या हातातून खेळणे काढून घेऊ नये. येथे आपल्या देण्याची कसोटी लागते. आपल्या पुष्कळ भेटवस्तूंत आभाराची एक न दिसणारी दोरी बांधलेली असते. दोरी तुटली की आपण रुसतो. स्वर्गीय पित्याने आपल्याला कृपा दिली, ती असे दोर बांधून दिली काय? आपण त्याच्याकडे पाठ फिरवली असतानाच त्याने आपला पुत्र दिला. स्वमग्न लेकराला भेट देताना त्या कृपेचा एक लहानसा धडा आपणच शिकतो.

वाचकहो, एक भेट अजून उरली आहे. माझ्या बहिणीने त्या नाताळानंतर जवळजवळ वर्षभर उपासनेला येणे सोडले होते. मुलगा मध्येच उठून धावतो, हुंकार काढतो आणि बाकांवरून माना वळतात, हे तिला सोसवेना. नागपूर असो, इंदूर असो, हैदराबाद असो की बेळगाव, आपल्या मंडळीतही अशी एखादी आई असेल. ती का येत नाही, असे आपण एकमेकांना विचारतो. तिला जाऊन विचारत नाही. आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत होती, तरी प्रभूने, मी तुझ्यासाठी काय करावे, असे त्याला विचारलेच. आपणही विचारू या. दाराजवळचे एक बाक त्या कुटुंबासाठी राखता येईल. गायनाच्या वेळी ध्वनिवर्धकाचा आवाज उतरवता येईल. उपासना संपेपर्यंत मुलाबरोबर अंगणात फिरणारी एखादी ओळखीची मावशी मिळाली, तर त्या आईला कित्येक महिन्यांनी प्रभुभोजनात शांत मनाने सहभागी होता येईल. अशी भेट दुकानात मिळत नाही.

आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांवाचूनच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. देवापुढे आपण सारेच न बोलणारी लेकरे आहोत, आणि तो आपले ऐकतो. मग आपल्या शेजारी कान झाकून उभ्या असलेल्या लेकराचे मागणे आपण का ऐकू नये?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्ही पुष्कळ देतो, पण न पाहता देतो. आम्हांला पाहणारे डोळे दे, विचारण्याची नम्रता दे आणि आभाराची वाट न पाहणारे हात दे. ज्यांच्या घरी तू हे निराळे लेकरू सोपवले आहेस, त्यांना आमच्यामध्ये एकटे राहू देऊ नकोस. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.